बाबांच्या तीन लग्नांचे कागद

बाबांचा आवाज आमच्या घरात कधी मावलाच नाही. हायडेलबर्गच्या दक्षिणेला रोरबाखमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, आमच्या दोन खोल्या होत्या, एक लांबट स्वयंपाकघर होतं आणि दोन खुर्च्या टाकल्या की संपणारी एक बाल्कनी. आणि बाबा आले होते ते अमरावतीच्या मोकळ्या मैदानांवर वाढलेला आवाज घेऊन. कबड्डीच्या सामन्यांना, तालुक्याच्या क्रिकेट स्पर्धांना समालोचन करायचं, मधूनच कधी रेडिओवर निवेदक म्हणून बसायचं, हे त्यांचं आधीचं आयुष्य. आईला इथल्या एका संशोधन संस्थेत जागा मिळाली आणि ते तिच्या मागोमाग आले, मला कडेवर घेऊन. त्यांना जर्मन येत नव्हतं, हाताला काम नव्हतं, आणि आवाज तर होताच. मग ते घराचंच समालोचन करायचे. आई भाकऱ्या करायला बसली की हे दाराच्या चौकटीला टेकून सुरू: "करुणाबाईंनी गोळा घेतला, परातीत ठेवला, पहिली थाप... भाकरी फिरली, गोल फिरली, कडा फाटली का? नाही! अन् ही गेली तव्यावर!" मी टाळ्या पिटायचे. आई हसायची. ज्वारीचं पीठ ती मानहाइमच्या एका तामिळ दुकानातून आणायची, ते जुनं असलं की भाकरी खरंच फाटायची, आणि तेही बाबा साऱ्या जगाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करायचे. खालच्या फ्राउ केसलर झाडूच्या दांड्यानं छताला ठोकायच्या. रविवारी तर दोनदा.

ते बसून जेवल्याचं मला आठवत नाही. ताट हातात, खिडकीपर्यंत चार पावलं, परत चार पावलं. ठेचा वाढला की "हा" म्हणायचे आणि बाल्कनीत जायचे. महिन्यातून एकदा तरी सोफा एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला लावायचे. आई संध्याकाळी प्रयोगशाळेतून दमून यायची आणि अंधारात नेहमीच्या जागी बसायला जायची, तर तिथे काहीच नसायचं. पार्सलच्या गोदामात त्यांना काम मिळालं तेव्हा आईला वाटलं, आता दमून तरी हा माणूस बसेल. ते गोदामातून चालत घरी येऊ लागले, सहा किलोमीटर. आजही माझ्या घरात कोणी उभ्यानं खायला लागलं की मी ओरडते, आणि ओरडून झाल्यावर मला लाज वाटते.

बेसबॉल त्यांना असाच चालता चालता सापडला. त्या काळी हायडेलबर्गमध्ये अमेरिकन सैनिकांच्या वसाहती होत्या. त्यांच्यातले काहीजण आणि गावातली जर्मन मुलं मिळून एका क्लबात खेळायची. बाबा कुंपणाशी थांबले. खेळ त्यांना कळत नव्हता. पण चेंडू टाकणारा, तो मारणारा आणि धावणारा एवढं दिसलं की त्यांना पुरे. ते स्वतःशीच मराठीत समालोचन करू लागले, आणि मैदानाचा निवेदक असलेला एक म्हातारा अमेरिकन, वॉल्टर त्याचं नाव, कान देऊन ऐकत उभा राहिला. शब्द एकही कळत नव्हता, पण चेंडू कुठे आहे ते आपल्याला डोळे मिटून कळत होतं, असं तो पुढे सगळ्यांना सांगायचा. दोन वर्षं बाबा त्याच्या शेजारी बसून खेळाडूंची नावं वाचायला शिकले. वॉल्टर अमेरिकेला परतला तेव्हा मायक्रोफोन बाबांकडे आला, आणि पुढचे एकोणीस उन्हाळे तो त्यांच्याकडेच राहिला.

एका जुन्या कंटेनरवर लाकडी केबिन ठोकलेली होती, वर जायला लोखंडी शिडी. मैदानावर कर्णे आणि शिवाय क्लबचं इंटरनेटवरचं प्रक्षेपण, दोन्हींवर तोच आवाज. अर्धं इंग्रजी, अर्धं मोडकंतोडकं जर्मन, आणि चेंडू खूप लांब गेला की सरळ वऱ्हाडी: "गेला, गेला, गेला बापा!" जर्मन पोरं कुंपणाला लोंबकळून ओरडायची, "बापा! बापा!" त्यांना वाटायचं हा बेसबॉलचाच काही शब्द असेल. मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून पुढच्या खेळाडूच्या नावाची चिठ्ठी सरकवायचे. चार तास ते त्या एका खुर्चीतून हलत नसत. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसला नाही. ती एकदा बघायला आली, खाली बाकावर बसली, केबिनकडे बघत राहिली. परत जाताना म्हणाली, "म्हणजे बसता येतं तर यांना."

त्यांचा घटस्फोट मी बारा वर्षांची असताना झाला. भांडणं अशी फार झाली नाहीत. आई आयुष्यभर त्यांना 'अहो' म्हणत आली होती, कोर्टातून आल्यावर तिनं त्यांच्या टपालावर चिकटवायच्या चिठ्ठीवर लिहिलं, "मिलिंद, हे तुझं." मला त्या चिठ्ठीनं सगळं कळलं. बाबा आधी एका खोलीत राहायला गेले आणि मग वर्षभरात उटेकडे. उटे ट्राम चालवायची. तिचा मुलगा पूर्वी या क्लबात खेळायचा, तो शिकायला बाहेर गेला तरी ती मैदानावर केक आणि कॉफीचं टेबल लावत राहिली. पन्नाशीची, उंच, हातानं दणकट, बोलायला कमी. तिच्या घरात प्रत्येक वस्तूला जागा होती आणि बाबांनी सोफा हलवला की ती काही न बोलता परत होता तिथे लावायची. मी शनिवार-रविवार तिथे असायचे. मला ती आवडायची, हे मी आईला सांगत नसे.

मी चौदा वर्षांची झाले त्या वसंतात दोन गोष्टी एकदम ठरल्या. आईला डार्मश्टाटच्या एका औषध कंपनीत चांगली नोकरी मिळाली, ऑगस्टपासून. आणि बाबा-उटे लग्न करणार होते, सप्टेंबरात. मी शाळा सोडायची नाही म्हणून रडले. बाबा म्हणाले, "मग राह्य ना माह्यापाशी. उटेच्या पोराची खोली रिकामीच आहे." मी हो म्हटलं. आईनं एवढंच विचारलं, "नक्की?" मी जर्मनमध्ये म्हटलं, "या, मामा," म्हणजे 'हो, आई'. तेव्हा मी तिला सगळी उत्तरं जर्मनमध्येच द्यायचे. तिनं मला रोज एक पान मराठी वाचायला लावून लिपी तेवढी पक्की करून घेतली होती. त्या एका पानाचा मला फार राग यायचा. आज हे सगळं मी मराठीत लिहू शकते ते त्या पानांमुळे, पण त्या वसंतात त्याच वाचनानं मला अडकवलं.

श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे लग्नाची नोंद होते त्या कचेरीत, बाबांकडे भारतातले कागद मागितले होते. फॉर्म त्यांनी एकट्यानंच, उटेला न दाखवता भरला होता. विलासकाकांनी, म्हणजे बाबांच्या भावानं, अमरावतीहून पाकीट पाठवलं. ते शुक्रवारी दुपारी आलं. त्या दिवशी शाळा लवकर सुटली म्हणून मी थेट उटेकडेच गेले होते. बाबा गोदामात होते, उटे सकाळची पाळी संपवून नुकतीच आलेली, गणवेशातच. तिनं पाकीट फोडलं, कारण इतके दिवस सगळे त्याचीच वाट बघत होते. आत जन्माचा दाखला होता आणि त्याच्याखाली टाचणी लावलेली चार पानं, निळे शिक्के मारलेली, सगळी मराठीत टाइप केलेली.

"हे काय आहे?" तिनं विचारलं. "करुणाबरोबरचा घटस्फोट तर इथल्या कोर्टातच झाला ना?"

मी वाचायला घेतलं. अर्जदार, जाबदार, हुकूमनामा. जाबदाराच्या जागी बाबांचं पूर्ण नाव. अर्जदाराच्या जागी विमल, राहणार यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव, व्यवसाय शिक्षिका, आणि नावापुढे आमचं आडनाव. तारीख माझ्या आईवडिलांच्या लग्नाच्या पुष्कळ आधीची. मी तीन वेळा वाचलं. मला आधी वाटलं, दुसऱ्याच कोणाचा कागद चुकून आला. मग खाली बाबांची सही दिसली, 'मिलिंद'मधला शेवटचा द लांब ओढलेला, माझ्या शाळेच्या डायरीत असायचा तसाच.

उटे टेबलाशी उभी होती. "सुमेधा?"

"त्यांचं आधी एक लग्न झालं होतं," मी म्हटलं. "खूप पूर्वी. थोडेच दिवस."

ती खुर्चीवर बसली. म्हणाली, "आल्झो, बरं. आणि कशामुळे मोडलं ते लिहिलंय का?"

लिहिलं होतं. शब्द होता 'अभित्याग'. मला तो कळला नाही, पण त्याच्याखालचं वाक्य कळलं: जाबदार कामानिमित्त तीन दिवसांसाठी म्हणून घराबाहेर पडला व त्यानंतर परत आला नाही. मी उटेकडे बघितलं. तिच्या मागे त्या रिकाम्या खोलीचं दार उघडं होतं. आत मी आधीच माझे दोन खोके आणून ठेवले होते. हे लग्न मोडलं तर बाबा कुठे जातील, मी कुठे जाईन, असं सगळं एकदम डोक्यात आलं.

"आइनफरनेमलिश," मी म्हटलं. दोघांच्या संमतीनं.

"गुट," उटे म्हणाली, आणि कागद नीट घडी करून पाकिटात ठेवले.

दुसऱ्या दिवशी शनिवार असूनही मी पोट दुखतंय म्हणून आईकडे गेले. ती खोके भरत होती. गॅसवर वरणफळं होती, लसणाच्या फोडणीचा वास जिन्यापर्यंत आला होता. मी वाटी घेऊन खाली जमिनीवर बसले आणि विचारलं, "आई, अभित्याग म्हणजे काय?"

तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला पेला होता. तो तिनं हळूच खोक्यात ठेवला. "कुठं वाचलास?"

मी सगळं सांगितलं, माझं खोटं सोडून. आईनं खोका बाजूला सरकवला. मग म्हणाली, "मला लग्नानंतर सहा महिन्यांनी कळलं. तुझ्या काकूच्या तोंडून, कांदे निवडताना. तोवर दिवस गेले होते तुझे."

"मग तू काही विचारलं नाहीस?"

"विचारलं ना. तर म्हणाला, जुनी गोष्ट आहे. मारझोड नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. मी म्हटलं, ठीक. माणूस चांगला आहे, आणि होताच गं तो चांगला." ती माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसली. "पण त्या दिवसापासून माझा एक कान दाराकडे लागला तो लागलाच. दूध आणायला गेला तरी. तेरा वर्षं, सुमे. तो कधी गेला नाही गं कुठं. रोज आला. सहा किलोमीटर चालत आला. पण मी रोज जिन्यावरची पावलं मोजत होते. शेवटी मला त्याचाच कंटाळा आला, त्या मोजण्याचा. त्याचा नाही."

मी वरणफळं खात राहिले. आणि मला माझंच आठवलं. दर शुक्रवारी पाच वाजता बाबा मला न्यायला यायचे. मी साडेचारपासून बॅग पाठीला लावून स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी असायचे. उशीर झाला की मी मनात आकडे म्हणायचे. पाचशेपर्यंत पोचले की पुन्हा एकपासून. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. आईलाही तेव्हा सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी शपथेवर भाषांतर करणाऱ्या बाईंकडून जर्मन कागद आले. मी रविवारी दुपारी उटेकडे गेले तेव्हा ते टेबलावर होते. बाबा खिडकी आणि फ्रिज यांच्यामध्ये फेऱ्या मारत होते. उटे बसली होती. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं.

"तू माझ्याशी खोटं बोललीस."

मी मान हलवली. मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "तू चौदा वर्षांची आहेस. मी तुला वाचायला लावायला नको होतं. ती माझी चूक." मग बाबांकडे वळून, "आणि तू बावन्न वर्षांचा आहेस. बस."

बाबा बसले. जर्मनमध्ये सांगायला लागले. "इश... आल्झो, उटे, इश हाबे..." म्हणजे 'मी... मी...' एवढंच, आणि थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले. चार-चार तास एका दमात बोलणारा तो माणूस, त्याला कर्ता मिळाला तर क्रियापद मिळेना. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सुमे, मी मराठीत सांगतो. तू तिले सांग. जसंच्या तसं सांग. मागच्यासारखं नको."

म्हणजे त्यांनाही कळलं होतं. मी त्या दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसले.

"अकोल्याले कबड्डीचे सामने होते," बाबा म्हणाले. "तीन दिवसांचे. विमलनं डबा बांधून देल्ला. तिथं फायनल झाली तर परभणीचा एक माणूस आला, म्हणे आमच्याकडं पण चला. म्हटलं, दोन दिवसांचं काम आहे. परभणीवरून नांदेड." मी भाषांतर केलं. गावांची नावं उटेनं पुन्हा विचारली, मी पुन्हा सांगितली. "पहिल्याच दिवशी तार केली असती, शाळेत फोन केला असता, तर काही नव्हतं. पण नाही केला. दहाव्या दिवशी फोन करून काय सांगू? विसाव्या दिवशी तर अजूनच काय सांगू? रोज वाटे उद्या जातो. अन् रोज जायची लाज वाढे."

"म्हणजे भांडण नव्हतं?" उटेनं विचारलं.

"काहीच नव्हतं. चांगली होती ती. मलेच घरात बसलं की छातीत काहीतरी होये. आवाज कोंडल्यासारखं." ते टेबलावरच्या मीठदाणीकडे बघत होते. "एकदा गेलो होतो. तीन महिन्यांनी. तिच्या गावच्या स्टँडवर उतरलो. ती रस्ता ओलांडून शाळेत चालली होती, हजेरीपट छातीशी धरून. वाळली होती. मी तिथंच उभा. अन् गाडी सुटायची घंटी झाली तसा त्याच गाडीत परत चढलो."

मला 'हजेरीपट'चा जर्मन शब्द आठवेना. मी म्हटलं, शाळेचं पुस्तक. बाबा थांबले, माझं होऊ दिलं.

"कोर्टात तिले विचारलं, मारत होता का? म्हणे, नाही. पीत होता का? नाही. मग काय तक्रार आहे? तर म्हणे, तक्रार काही नाही साहेब, तो फक्त आला नाही."

मी ते सांगितलं. एर इस्ट नुअर निश्ट गेकोमेन. उटेनं डोळे मिटले आणि उघडले. तिच्या ट्राममध्ये रोज शेकडो माणसं चढायची आणि उतरायची, पण अशी एकही ओळ तिनं कधी ऐकली नसावी. मग तिनं सरळ बाबांना विचारलं, माझ्याकडे न बघता, "मला सोडूनही असाच एके दिवशी जाशील?"

हे बाबांना कळलं होतं, भाषांतराची गरज नव्हती. तरी ते माझ्याकडे बघत राहिले. मला फार वाटलं, त्यांनी 'नाही' म्हणावं. नाही म्हणा ना बाबा. उगाच म्हणा.

"मले माहीत नाही," ते म्हणाले.

माझ्या तोंडात 'नाइन', म्हणजे जर्मन 'नाही', तयार होतं. एक क्षण ते ओठांवर आलंही. पण मी म्हटलं, "एर वाइस एस निश्ट." त्यांना माहीत नाही.

उटे उठली. तिनं तिन्ही कप धुतले, पुसले, फळीवर ठेवले. मग पाठमोरीच म्हणाली, "जाऊ शकतोस. मी तुला बांधून ठेवणार नाही. पण गेलास तर फोन करायचा. त्याच दिवशी. स्टेशनवरून. कुठे आहेस ते सांगायचं. एवढं जमेल?"

मी भाषांतर केलं. बाबांनी खूप वेळ मान हलवली, लहान मुलासारखी.

त्यांचं लग्न सप्टेंबरात झालं, आणि टिकलं, बाबा वारेपर्यंत. मधल्या वर्षांत ते दोनदा खरंच निघून गेले. एकदा कार्ल्सरूहेहून आणि एकदा तर पार म्युनिकहून त्यांचा फोन आला. उटेनं दोन्ही वेळा फक्त परतीची गाडी कितीची आहे आणि ट्राम कुठली पकडायची ते सांगितलं. ही गोष्ट ती हसत सांगते, आता, पंच्याहत्तरीत. विमलबाईंना पत्र लिहायलाही तिनंच लावलं. उत्तर आलं नाही. त्या पुढे मुख्याध्यापिका झाल्या, त्यांचा संसार झाला, एवढं विलासकाकांकडून कळलं. त्यांनी उत्तर का द्यावं, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

पण मला त्या रविवारनंतर चैन पडेना. शाळेत बसवेना, मैत्रिणींकडे जाववेना. उटेकडच्या खोलीत माझे दोन खोके तसेच बंद. बाबांवर मी रागावले नव्हते, आणि का ते मला आजही नीट सांगता येत नाही. उलट त्या दुपारी ते मला जेवढे आवडले तेवढे आधी कधी आवडले नव्हते. पण शुक्रवारी पुन्हा मी खिडकीत उभी राहिले, पुन्हा आकडे म्हणू लागले, आणि तीनशेच्या पुढे कुठेतरी ठरलं. मला हे रोज करायचं नव्हतं. तेरा वर्षं तर नाहीच. आईला मी म्हटलं, मी तुझ्याबरोबर येते. जर्मनमध्ये नाही, मराठीत म्हटलं. ती म्हणाली, "बाबाला सांग." मी 'सांगते' म्हटलं. आणि नाही सांगितलं. या शनिवारी नको, पुढच्या शनिवारी. पुढच्या शनिवारी त्यांचा घसा बसलेला. त्यानंतर क्लबाचा मोठा सामना. रोज वाटायचं उद्या.

जुलै संपला. सामान शुक्रवारीच टेम्पोनं डार्मश्टाटला गेलं होतं. आवराआवरीचं कारण सांगून त्या शुक्रवारी मी बाबांकडे गेले नव्हते. शनिवारी दुपारी फक्त आम्ही दोघी, आईची लहान गाडी, मागे भांडी, कुंड्या आणि ओढणीत गुंडाळलेली बुद्धाची मूर्ती, आणि टपावर माझी गादी, कपडे वाळत घालायच्या दोरीनं बांधलेली. ऑटोबानकडे, म्हणजे महामार्गाकडे वळायच्या आधी आई म्हणाली, "अजून सांगितलं नाहीस ना?" मी मान हलवली. "पोचल्यावर फोन कर मग," ती म्हणाली. ती थकली होती, तिला एकदाचं निघायचं होतं.

"नाही," मी म्हटलं. "मैदानावर चल."

"सामना चालू असेल गं."

"चल ना, आई."

तिनं गाडी कुंपणापाशी लावली. मी शिडी चढून केबिनमध्ये गेले. इनिंग संपून बाजू बदलत होत्या. बाबांनी मला पाहिलं, चेहरा उजळला, पायानं स्टूल पुढे सरकवलं. मी बसले नाही.

"बाबा, मी आईबरोबर डार्मश्टाटला चाललेय. राहायला."

त्यांनी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. "कधी?"

"आत्ता. गाडी खाली उभी आहे. मी आधी सांगायला हवं होतं. रोज सांगणार होते."

खाली नवा खेळाडू बॅट फिरवत जागेवर येत होता. त्याचं नाव घ्यायची वेळ झाली होती. बाबा त्याच्याकडे बघत होते, मग माझ्याकडे. मग त्यांनी हेडफोन काढला, चालू मायक्रोफोनच्या शेजारी ठेवला आणि उठले. सामना सोडून ते उठलेले मी कधी पाहिले नव्हते. माझ्या मागोमाग शिडी उतरून ते गाडीपाशी आले. आई बाहेर आली. कित्येक महिने त्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. बाबांनी टपाकडे पाहिलं.

"हे कोणं बांधलं? ऑटोबानवर उडून जाईल हे."

"मी बांधलं," आई म्हणाली.

त्यांनी गाठी सोडल्या. क्लबाच्या शेडमधून जाड पट्टा आणला, गादीवरून टाकला. "करुणा, तिकडून घे. दारातून आत घाल. ओढ."

"ओढलंय."

"अजून."

"अरे ओढलंय, मिलिंद."

मागे सामना आवाजाशिवाय चालला होता. बॅटला चेंडू लागल्याचा कोरडा आवाज, पंचाचं ओरडणं, कोणी धावत होतं, लोक उभे राहत होते आणि कर्ण्यांतून फक्त वारा. कोणीतरी पळत आलं, "मिलिंद! मिक्रोफोन!" बाबांनी त्याला हातानंच थांबवलं. शेवटची गाठ त्यांनी दोनदा ओढून पाहिली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बरं केलं बापा, सांगायला आली," ते म्हणाले. आणि वळले. थोडं चालले आणि मग पळायलाच लागले, पोट सांभाळत, शिडीच्या दिशेनं.

आम्ही गाडीत बसलो. दारं लावून घेतली. कर्ण्यांतून आधी धाप ऐकू आली, मग तो आवाज, मोडक्या जर्मनमध्ये. मी खाली गेलो होतो, माझी मुलगी गावाला चालली आहे, काय झालं ते मी पाहिलं नाही. कोण कुठे आहे, मला कोणी सांगेल का?

आणि सगळं मैदान एकदम त्यांना सांगायला लागलं.

आईचा हात किल्लीवर होता, पण तिनं ती फिरवली नाही. ती इनिंग संपेपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून ऐकत राहिलो.